मुलींचे गणित आणि विमानविद्या

“मोठेपणी कोण होणार?” असा प्रश्न चौथीच्या वर्गात विचारला असता मुलगे सैनिक, पोलीस, क्वचित वैमानिकही होऊ इच्छितात. मुलींची उत्तरे बहुधा शिक्षिका व परिचारिका यांपाशी थांबतात. त्या व्यवसायांत उणे काही नाही. परंतु मूल जे पाहते तेच सांगते, आणि विमान चालविणारी स्त्री खेड्यातील मुलीने पाहिलेली नसते. ती ओळख करून देण्याचे काम अर्थातच शाळेकडे येते.

पहिली गोष्ट सरला ठकराल यांची सांगावी. 1936 साली, वयाच्या 21व्या वर्षी, लाहोर येथे जिप्सी मॉथ नावाचे लहानसे विमान चालवून त्यांनी परवाना मिळविला. त्या साडी नेसून विमानात बसत आणि तेव्हा त्यांना एक लहान मुलगीही होती. पती स्वतः वैमानिक होते, आणि सासऱ्यांचे प्रोत्साहन तर त्यांच्याहूनही अधिक होते. सुनेस आकाशात पाठविणारे सासरे त्या काळी किती असतील, हे वर्गातील मुलांस आवर्जून विचारावे. पुढे 1939 साली पती विमान-अपघातात गेले, महायुद्धामुळे नागरी प्रशिक्षण थांबले आणि व्यावसायिक परवान्याचा सरलाबाईंचा बेत तसाच राहिला. त्या चित्रकलेकडे वळल्या. हा भाग गाळू नये. मुलांस खरी गोष्ट सांगितलेली समजते.

प्रेम माथुर यांस अडचण आली ती निराळी. परवाना हाती असूनही एकामागून एक विमान कंपन्यांनी त्यांस नकार दिला. स्त्रीच्या हाती विमान आहे असे कळल्यास उतारू बसणार नाहीत, ही भीती! अखेर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांस घेतले. 1949 साली राष्ट्रीय विमानशर्यत त्यांनीच जिंकली. उतारूंच्या भीतीचे पुढे काय झाले हे 1985 साली दिसले. त्या वर्षी सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली केवळ स्त्रियांनी चालविलेले प्रवासी विमान कलकत्त्याहून सिल्चरला गेले. देशमुख हे आडनाव ऐकून मुली सावरून बसतील. त्याचा लाभ शिक्षकांनी अवश्य घ्यावा.

गोष्टींनी उत्सुकता निर्माण होते. पण वाट अडते ती गणितापाशी. व्यावसायिक वैमानिकाच्या शिक्षणास बारावीपर्यंत गणित व भौतिकशास्त्र हे विषय आवश्यक ठरत आले आहेत. “मुलीस गणित झेपत नाही” हे वाक्य पालकाच्या तोंडी आले तर समजण्यासारखे आहे; शिक्षकाच्या तोंडी येऊ नये. कारण पाचवीत गणिताची धास्ती घेतलेली मुलगी दहावीनंतर तो विषय सोडते, आणि त्याबरोबर हे दारही मिटते.

खाजगी उड्डाण-प्रशिक्षणाचा खर्च सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे, हे पालकांपासून लपवू नये. मात्र पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत 2022 पासून मुलींस प्रवेश मिळू लागला असून तेथील शिक्षणाचा भार शासन उचलते. मुलींची पहिली तुकडी 2025 साली तेथून उत्तीर्ण झाली. वायुदलाची लढाऊ विमाने तर 2016 साली तीन तरुणींच्या हाती आली होती. पालकसभेत ही माहिती नावानिशी सांगावी: अवनी चतुर्वेदी, भावना कंठ, मोहना सिंह.

वरच्या वर्गांसाठी एक उदाहरण पुढीलप्रमाणे घ्यावे. एका विमानाचा वेग ताशी 160 किलोमीटर आहे. जाताना समोरून ताशी 40 किलोमीटर वेगाचा वारा आहे. येताना तोच वारा पाठीमागून आहे. 600 किलोमीटर जाऊन परत येण्यास किती वेळ लागेल? बहुतेक मुले म्हणतील, जाताना गमावलेले येताना मिळते, म्हणून वारा नसताना लागतात तेवढेच साडेसात तास. फळ्यावर हिशेब करावा: जाताना वेग 120, वेळ पाच तास, येताना वेग 200, वेळ तीन तास. एकूण आठ. अर्धा तास अधिक का लागला, यावर वर्गास थोडा वेळ वाद घालू द्यावा. नंतर एखाद्या मुलीस फळ्यापाशी बोलावून विचारावे, की साडेसात तासांचेच इंधन घेऊन निघालेले विमान कोठे उतरवावे लागेल?