दारातून परत गेलेलं गिऱ्हाईक: नियम कडक असू द्या, बोलणं नको



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दुकानाच्या दाराबद्दल बोललो. तिथं वेळ कमी पडला, म्हणून उदाहरणं आणि गृहपाठ इथं सविस्तर लिहिते. वही-पेन घेऊन बसा.

आधी माझीच चूक सांगते. सेलूत आमचं कापड दुकान आहे, सासऱ्यांनी उभं केलेलं. काही वर्षांपूर्वी आम्ही ते नवं केलं. गादीची बैठक काढली, काउंटर आले, काचेचं दार आलं, एसी आला, पांढऱ्या टाइल्स आल्या. टाइल्स खराब होतात म्हणून मी दारावर पाटी लावली: "चप्पल बाहेर काढावी." दारापाशी बसणाऱ्या पोराला मीच बजावलं, "चिखलाचे पाय आत येऊ देऊ नको."

पावसाळ्यात एक दिवस धोतर-टोपीतले एक म्हातारे काका दाराशी आले. पोरगा बसल्या जागेवरून म्हणाला, "ओ काका, चप्पल तिकडं काढा. पाय पुसा आधी." त्याच वेळी जीन्स-बुटातली दोन माणसं त्यांच्या बाजूनं सरळ आत आली. त्यांना पोरगा काहीच बोलला नाही. काका क्षणभर थांबले, "राहू दे बाळा," म्हणाले आणि मोंढ्याच्या दिशेनं निघून गेले. मी गल्ल्यावरून हे सगळं बघत होते. उठले नाही.

रात्री सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी वर्णनावरूनच ओळखलं. त्या घरातल्या दोन लग्नांचे बस्ते आमच्याकडं बांधले होते. दिवाळीनंतर कापसाचे पैसे आले, काकांच्या नातीचं लग्न झालं, आणि बस्ता दुसऱ्या दुकानात बांधला गेला. बस्ता म्हणजे काय, हे कापडवाल्यांना सांगायला नको. नवरीचा शालू, मानपानाच्या साड्या, आहेराचे टॉवेल-टोप्या. एका घराची कित्येक वर्षांची खरेदी एका दिवसात.

सासरे एवढंच म्हणाले, "भांडणारं गिऱ्हाईक परत येतं. गप जाणारं येत नाही."

चूक नियमात होती का?

मी आधी पाटीलाच दोष दिला. मग लक्षात आलं, जुन्या दुकानातही चप्पल बाहेरच निघायची. कुणाला कधी राग आला नाही. मग बदललं काय? तीन गोष्टी.

एक, तेव्हा समोर गादी दिसायची, म्हणून नियमाचं कारण न सांगता कळायचं. दोन, मोठा सावकार असो की सालगडी, चप्पल सगळेच काढायचे. तीन, सासरे स्वतः म्हणायचे, "या, बसा. पाणी घ्या."

मी नियम तोच ठेवला, पण कारण, समानता आणि शब्द तिन्ही घालवले. आजचा धडा इतकाच आहे. गिऱ्हाईक नियमानं तुटत नाही, नियम सांगताना त्याला कमी लेखलं की तुटतं.

मोठ्यांकडं काय झालं?

बंगळूरचा एक मॉल आठवा. जुलै २०२४ मध्ये धोतर-फेटा घातलेले एक वयस्कर शेतकरी मुलासोबत सिनेमा बघायला आले होते. तिकीट हातात होतं. दारावरच्या गार्डनं धोतर बघून त्यांना आत सोडलं नाही. व्हिडिओ पसरला, आंदोलन झालं, मॉलनं माफी मागून त्यांचा सत्कार केला. तरी कर्नाटक सरकारनं मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. आता विचार करा, त्या दारात आपल्या परभणी जिल्ह्यातला कुणाचाही बाप उभा असू शकला असता. बोलला गार्ड, पण बंद पडली आतली सगळी दुकानं.

याच्या उलट उदाहरण मुंबईचं. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया हे इराणी हॉटेल १९२३ सालचं. वेळेच्या बाबतीत ते कडक. कित्येक वर्षं फक्त दुपारी जेवण, रविवारी बंद. तरी लोक बेरी पुलावासाठी रांगेत उभे राहायचे. कारण आत गेल्यावर मालक बोमन कोहिनूर स्वतः टेबलापाशी यायचे, ऑर्डर घ्यायचे, काय खावं ते सांगायचे, गप्पा मारायचे. २०१९ मध्ये ९७ व्या वर्षी ते गेले, तेव्हा देशभरातल्या पेपरांनी बातमी दिली. दार थोडाच वेळ उघडं, पण आत आलेला प्रत्येक जण पाहुणा.

तिसरं उदाहरण पुण्याचं. चितळे बंधूंचं दुकान १ ते ४ बंद, यावर किती विनोद झाले! पण तो नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होता आणि सगळ्यांना सारखा होता. म्हणून लोक हसले, तरी चारनंतर आलेच. आणि तरीही जुलै २०१७ पासून त्यांनी दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. इतकी जुनी ओळख असलेल्या दुकानालाही नियम पुन्हा तपासावासा वाटला, हे लक्षात घ्या.

इथं एक सावधगिरी. "चितळ्यांचं चाललं, मग आमचं का नाही?" असं म्हणू नका. त्यांच्याकडं बाकरवडी होती. आपल्याकडं तोच सुरतेचा माल आहे जो शेजारच्या चार दुकानांत आहे. माल सारखा असला की फरक उरतो तो दारातल्या पहिल्या वाक्याचा.

कायदा काय म्हणतो?

काही नियम दुकानदाराच्या हातात असतात, काही अजिबात नसतात.

संविधानाच्या कलम १५(२) नुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणालाही दुकानात, हॉटेलात, करमणुकीच्या ठिकाणी जाण्यापासून अडवता येत नाही. अस्पृश्यता पाळून दुकानात प्रवेश नाकारणं हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर माणसं पाण्यासाठी गेली होती, पण प्रश्न सार्वजनिक जागेच्या दाराचाच होता. म्हणून "कसल्या लोकांना आत घेता" असं पोरांच्या तोंडून निघालं तर हसण्यावारी नेऊ नका. त्याच दिवशी थांबवा.

बाकीचे वाजवी नियम मालक ठरवू शकतो. बाहेरचे खाद्यपदार्थ सिनेमागृहात न्यायचे की नाही, हा वाद आपल्या राज्यात २०१८ साली फार तापला होता. जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असा नियम करायचा हक्क सिनेमागृहाच्या मालकाला आहे. पण पिण्याचं पाणी फुकट द्यायचं आणि लहान बाळाचं खाणं अडवायचं नाही. म्हणजे हक्क असतानाही पाणी आणि बाळ, एवढी माणुसकी ठेवावीच लागते. आणि हक्क आहे म्हणून गिऱ्हाईक खूष होईलच असं नाही. तुमचा गल्ला कोर्ट भरत नाही.

आम्ही काय बदललं

१. पाटी बदलली. आता लिहिलंय: "फरशी सगळ्यांसाठी स्वच्छ राहावी म्हणून चप्पल-बूट इथं ठेवा. आमचं लक्ष आहे." खाली रॅक आणि एक बाकडं ठेवलं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उभ्यानं चप्पल काढता येत नाही, हे आधी सुचलंच नव्हतं.

२. बूटसुद्धा निघतात. माझ्या भावाचे, बँकेच्या साहेबांचे, माझे स्वतःचे. अपवाद एकच, ज्यांना वाकता येत नाही ते तसेच आत येतात. फरशी नंतर पुसता येते.

३. पहिलं वाक्य ठरवून दिलं. "काय पाहिजे?" बंद. "घ्यायचंय का नुसतं बघायचंय?" तर कायमचं बंद. आता, "या, बसा. कुणासाठी बघायचंय?" पाणी विचारायचं, मग माल. आणि माल दाखवताना "ते तुम्हाला महाग पडेल" म्हणायचं नाही. किंमत सांगायची, ठरवू द्यायचं त्यांना.

४. नाही म्हणायची रीत शिकवली. उधारी बंद असेल तर "काका, सध्या उधारी कुणालाच देत नाही. एक साडी बाजूला काढून ठेवू का आठ दिवस?" नकार तोच, पण माणूस परत यायला मोकळा राहतो.

५. पोरांसाठी स्टुलं आणली. गिऱ्हाईक नसताना बसा म्हणून सांगितलं. केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्यात घातलं. दिवसभर उभं ठेवलेल्या पोराकडून संध्याकाळी गोड बोलण्याची अपेक्षा धरू नका. आणि त्याला गिऱ्हाईकासमोर रागावूही नका. तुम्ही त्याच्याशी जसं बोलता, तसंच तो दारातल्या माणसाशी बोलतो. त्या दिवशी काकांना तो जे बोलला, ते माझेच शब्द होते.

गृहपाठ

आठ दिवस एक वही गल्ल्यापाशी ठेवा. रोज तीन आकडे लिहा: आत किती आले, किती जणांनी घेतलं, आणि दारातून किती परत फिरले. तिसरा आकडा आपण कुणीच मोजत नाही. विक्रीच्या वहीत तो कधीच दिसत नाही.

मग दुकानातल्या प्रत्येक पाटीला तीन प्रश्न विचारा. कारण समजतं का? सगळ्यांना सारखी लागू आहे का? हेच वाक्य मी माझ्या वडिलांना तोंडावर म्हणेन का? एकाही प्रश्नाला "नाही" आलं तर पाटी उतरवा.

तुम्ही विचाराल, ते काका आले का परत? सासरे मुद्दाम गावी जाऊन भेटून आले. काकांनी चहा पाजला, झाल्या गोष्टीचा विषयही काढला नाही. पुढच्या पोळ्याला त्यांचा मुलगा एक उपरणं घेऊन गेला. बस्ता अजून आलेला नाही. त्या घरात अजून एक नात आहे. मी बाकडं रोज पुसून ठेवते.

भेटू पुढच्या आठवड्यात. वहीतले आकडे नक्की कळवा.