खोक्यावरचे वीस हजार लुमेन

इचलकरंजी,
गुरुवार

चि. सायली,

फोनवर हे बोलणं नीट झालं नसतं. तू मध्येच "मामा, नंतर करते" म्हटलं असतंस आणि मी काहीतरी वेडंवाकडं बोलून बसलो असतो. म्हणून पत्र.

परवा जयसिंगपूरच्या लग्नात पंगतीला शेजारी एक ठेकेदार होता. भोसरीच्या कुणा बाईंचे फ्लडलाइट कबड्डीच्या मैदानाला लावले, खोक्यावर २०,००० लुमेन छापलेत, पण लक्स मीटर धरला तर हिशेब कुठेच बसेना, असं तो जिलेबी खात सांगत होता. वर म्हणाला, "सगळेच असं छापतात हो." मग त्याने तुझं नाव घेतलं. मी मान खाली घालून मठ्ठा पीत राहिलो. तू माझी भाची आहेस हे काही मी त्याला सांगितलं नाही.

खोक्यावर तो आकडा कुणी लिहिला, सायली?

गणपतीत तू तुझ्या आईकडे, अक्काकडे ठेवून गेलेला नमुन्याचा दिवा मी घरी आणून उघडला. न विचारता उघडला, रागावू नकोस. आत क्री कंपनीच्या एक्सएम-एल जातीचे वीस एलईडी दिसले आणि आकडा कुठून आला ते कळलं. एकाचे हजार, विसांचे वीस हजार. गुणाकार बरोबर आहे. पण २०१० साली कंपनीने तो हजार लुमेनचा आकडा दिला, तो ३ अँपियरला आणि चिपचं जंक्शन २५ अंशांवर असताना. एलईडी क्षणभर पेटवायचा आणि तापायच्या आत मोजायचा, अशी ती मोजणी. त्यातही प्रत्यक्ष तपासून बिन, म्हणजे प्रत, ठरवतात ते ७०० मिलिअँपियरवर. तिथे चांगल्या बिनचा एलईडी ३०० लुमेन देतो. त्यापुढचं सगळं आलेखावरून काढायचं. प्रवाह सव्वाचार पट वाढवलास तर उजेड सव्वातीन पटच वाढतो. मोजणीत सात टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, हेही त्यांनी लिहून ठेवलं आहे. कंपनीने काही लपवलेलं नाही. पुढच्या एक्सएम-एल२ ची मोजणी तर त्यांनी ८५ अंशांवरच नेली. पण भोसरीत पत्र्याच्या शेडखाली २५ अंशांवर काय राहतं ते तूच सांग.

तुझा दिवा मी माजघरात छताकडे तोंड करून लावला, लक्स मीटर टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसलो. पेटल्या पेटल्या ४१२ लक्स. आकडा डोळ्यांदेखत उतरत गेला आणि वीस-पंचवीस मिनिटांनी ३५२ वर थांबला. उजेड कमी झाला असं डोळ्यांना अजिबात वाटलं नाही. तुझी मामी शेजारी लसूण सोलत होती, तिलाही नाही. डोळा सवय करून घेतो, आणि खोटे आकडे खपतात ते त्याच्याच जिवावर. थर्मोकपल सोल्डरिंगच्या पॅडजवळ टेकवलं तर ७८ अंश. ड्रायव्हर ३ नव्हे, २.७ अँपियर देतो. म्हणजे एका एलईडीला जवळजवळ ९ वॅट, आणि वॅटमागे अडीच अंशांनी आतलं जंक्शन शंभराच्या घरात. त्यावर तुझी लेन्स आणि पुढची काच. नुसती साधी काचच दोन्ही पृष्ठभागांवर मिळून आठेक टक्के उजेड परतवते. सगळं वजा जाता तेरा-साडेतेरा हजार लुमेन उरतात. ठेकेदार खोटं बोलत नव्हता.

आणि एलईडींची पाटी सोडवली तेव्हा काय दिसलं सांगू? थर्मल पेस्टचा मध्येच एक गोळा आणि उजवीकडचा खालचा कोपरा पूर्ण कोरडा. हीटसिंकवर तिथे मशिनिंगच्या रेघासुद्धा स्वच्छ दिसत होत्या. त्या कोपऱ्यातले तीन एलईडी आधी मरणार. पेस्ट लावणाऱ्या पोराला पातळ, सगळीकडे सारखा थर द्यायला शिकव. अक्काच्या पाटल्या बँकेत गहाण आहेत, त्या सोडवायच्या आहेत ना अजून? आपल्या घराला लोकांची बोलणी ऐकायची ताकद नाही.

मी फार बोललो. पण खोक्यावरचा तो आकडा डोळ्यांपुढून हलत नाही.

तुझ्या जन्माआधी मी अ‍ॅम्प्लिफायर बनवायचो हे तू ऐकलं आहेस. १९९० नंतर बाजारात खोक्यांवर पीएमपीओ आला. हजार वॅट, दोन हजार वॅट, आणि आतून एका बाजूला पाच-दहा वॅट खरे निघायचे. पीएमपीओ कसा मोजायचा याचं ठरलेलं मापच नव्हतं, ज्याला जे सुचेल ते तो छापायचा. मी माझ्या डब्यावर ४० वॅट आरएमएस लिहायचो. गिऱ्हाईक हसायचं, "शेजारी बाराशे मिळतात." मी चिडून दुकान बंद केलं, वाइंडिंग मशीन भंगाराच्या भावाने दिलं आणि सूतगिरणीत मेंटेनन्सला लागलो. पुढे मंडळांची पोरं ट्रान्सफॉर्मर हातात तोलून माल घ्यायला लागली, खरा वॅट विचारायला लागली. तोवर मी तीन पाळ्यांत अडकलो होतो. आणखी थोडं टिकायला हवं होतं, हे अजून कधीकधी रात्री मनात येतं. शेजारचा बाराशे लिहितो तेव्हा चाळीस लिहिताना पोटात काय होतं ते मला ठाऊक आहे. म्हणून तुला चोर म्हणवत नाही.

तू रात्री अकरापर्यंत शेडमध्ये असतेस, अक्का सांगते. तुझं सोल्डरिंग पाहिलं, एकही सांधा कच्चा नाही. पावसाळ्यासाठी गॅस्केट बसवलं आहेस तसं मलाही जमलं नसतं. माल चांगला आहे गं. १३,००० लुमेनचा दिवा म्हणून तो उत्तमच आहे.

आता एवढं कर. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत अख्खा दिवा दे, सुटा एलईडी नव्हे. आयएस १६१०६ प्रमाणे, तापून स्थिर झाल्यावर मोजायला सांग. गोनिओफोटोमीटरवर मोजला तर मैदानात कुठे किती लक्स पडेल याची फाइलही मिळते, ती टेंडरला जोडता येईल. टॉर्चवाल्यांचा २००९ चा एफएल-१ नियम पेटवल्यावर अर्ध्या ते दोन मिनिटांत मोजायचा आहे. त्यांचं चालून जातं, तुझा दिवा रात्रभर जळतो. रिपोर्टमध्ये येईल तोच आकडा छाप. त्या ठेकेदाराकडे स्वतः जा, उरलेल्या खोक्यांवर नवं लेबल लाव, आणि मैदानाला दिवे कमी पडत असतील तर दोन वाढवून दे. तो ओरडेल, ओरडू दे. एकटीने जायला अवघड वाटलं तर मी रविवारी पहाटेच्या एसटीने येतो, दोघं जाऊ.

प्रयोगशाळेची फी मी भरणार आहे, अक्काला सांगायचं नाही. बँकेचा खाते क्रमांक पाठव आणि जेवण वेळेवर घेत जा.

तुझा,
सदामामा