टूर कंपनीशिवाय बँकॉक

प्रश्न : पत्नीसह बँकॉकला जायचा विचार आहे. ओळखीचा एजंट म्हणतो, भाषा येत नाही, टूरशिवाय फसाल. आगमन-अर्ज भरण्याचेही तो वेगळे पैसे मागतो. बेताच्या खर्चात आमचे आम्ही जाऊ शकू का?
– एक निवृत्त शिक्षक, कन्नड

उत्तर : गुरुजी, निर्धास्त जा. आगमनाचा डिजिटल अर्ज मे २०२५ पासून सक्तीचा आहे हे खरे; पण तो थायलंड सरकारच्या संकेतस्थळावर, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत, मोफत भरता येतो. त्यासाठी एजंटला एक रुपयाही देऊ नका. व्हिसाचे नियम मात्र बदलतात. ते तिकीट काढण्यापूर्वी पाहून घ्या.

मुंबईहून थेट विमान आहे. सुवर्णभूमी विमानतळावरून शहरात रेल्वे जाते, टॅक्सी लागत नाही. ग्रँड पॅलेस, वाट फो, वाट अरुण ही ठिकाणे चाओ फ्राया नदीकाठीच आहेत. नारिंगी झेंड्याच्या बोटीने फिरा. नोकरदार माणसे तिनेच ये-जा करतात आणि माझ्या मते शहर पाहायला याहून चांगली सोय नाही. पर्यटकांची बोट वेगळी, महाग.

फसवणूक होते ती बहुधा राजवाड्याबाहेर. ‘आज बंद आहे, दुसरीकडे नेतो’ म्हणणाऱ्या रिक्षावाल्यामागे जाऊ नका. थेट दारावर चौकशी करा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला.

शाकाहारी असाल तर पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरे असलेली ‘जे’ची (शुद्ध शाकाहारी थाई जेवणाची) गाडी शोधा; तिथे कांदा-लसूणही नसतो. भारतीय जेवण शहराच्या फाहुरात भागात मिळेल.

दोघांचेही पासपोर्ट आजच काढून पाहा. प्रवासाच्या वेळी किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी.