हॉस्पिटल विचारतं, ‘यंदाच्या बजेटमध्ये बसेल का?’



हॉस्पिटलमध्ये माल दाखवायला गेलो की आपण सांगतो, “सर, यात तुमचे पैसे वाचतील.” समोरून प्रश्न येतो, “ते ठीक आहे, पण यंदाच्या बजेटमध्ये बसेल का?” इथेच आपली गाडी अडते.

वस्तू पैसावसूल आहे का, हा एक प्रश्न. ती तिजोरीला झेपेल का, हा वेगळा. इंग्लंडमध्ये २०१७ साली नियम आला : नव्या औषधाचा खर्च पहिल्या तीनपैकी एखाद्या वर्षी दोन कोटी पौंडांच्या वर जाणार असेल, तर ते किफायतशीर ठरलं तरी कंपनीशी किमतीची बोलणी होणार. या ‘झेपेल का’चं आकड्यांतलं उत्तर म्हणजे बजेट इम्पॅक्ट मॉडेल. ते साध्या एक्सेल शीटवरही बनतं.

समजा, तुम्ही धुऊन पुन्हा वापरता येणारे ऑपरेशनचे गाऊन बनवता. (आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत.)

१. आजचा खर्च : वर्षाला ४,८०० गाऊन लागतात. एकदा वापरून फेकायचा गाऊन १२० रुपयांना. एकूण ५,७६,००० रुपये.

२. पहिलं वर्ष : सगळे लगेच बदलत नाहीत, म्हणून निम्माच वापर धरा.
- जुने २,४०० गाऊन : २,८८,०००
- तुमचे ४० गाऊन, ९०० रुपयांचा एक, ६० वेळा वापर : ३६,०००
- धुणं आणि निर्जंतुकीकरण, दर वापराला ४५ रुपये : १,०८,०००
- जादा ऑटोक्लेव्ह : १,८०,०००

एकूण ६,१२,०००. म्हणजे खर्च ३६,००० रुपयांनी *वाढला*!

३. दुसरं वर्ष : पूर्ण वापर. ८० गाऊनचे ७२,००० आणि धुण्याचे २,१६,०००. एकूण २,८८,०००, म्हणजे तेवढीच बचत.

आता मोह होतो, पहिलं वर्ष गाळून फक्त बचत दाखवायचा. असं करू नका. ऑटोक्लेव्हचं बिल अकाउंटंटच्या टेबलावर येणारच आहे. तेव्हा विश्वास गेला तर पुढची ऑर्डरही गेली. उलट तुम्हीच सांगा, “सर, पहिल्या वर्षी ३६ हजार जास्त लागतील, दुसऱ्या वर्षी २ लाख ८८ हजार वाचतील.” मग हप्त्यांवर बोलता येतं.

४. अंदाज चुकला तर? गाऊन ६० ऐवजी ३० वेळाच टिकला, तर पहिल्या वर्षीचा जादा खर्च ७२,००० होतो आणि दुसऱ्या वर्षीची बचत २,१६,००० वर येते. हेही दाखवा.

आणखी एक चूक टाळा. नर्सचा वेळ वाचला म्हणून तिचा पगार बचतीत धरू नका. पगार तर द्यावाच लागतो. वाचलेला वेळ वेगळा लिहा.

मांडताना एकच पान न्या : वर आजचा खर्च, खाली वर्षवार फरक, शेवटी तुमची गृहीतकं. आकडे हॉस्पिटलचेच घ्या. आधी स्टोअरकीपर आणि लाँड्रीवाल्यांना भेटा, खरे आकडे त्यांच्याकडेच असतात.

आजचा गृहपाठ : तुमच्या वस्तूचं पहिलं वर्ष कागदावर मांडा. खर्च वाढताना दिसला तर घाबरू नका, लपवूही नका. चला, कामाला लागा!