शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी कोणी सारे पातेले उपसत नाही. एखादे शीत उचलावे, बोटांनी चेपून पाहावे, की झाले. यावरूनच ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण रूढ झाली. परंतु या परीक्षेला एक अट आहे. पातेल्याच्या एकाच बाजूला जाळ लागत असेल, तर तिकडचे शीत मऊ लागते आणि दुसरीकडचा भात कच्चाच राहतो. लोकांच्या मनाची परीक्षा करणाऱ्यांनीही ही अट ध्यानी ठेवावी लागते.

आज कोट्यवधी माणसे समाजमाध्यमांवर आपले विचार लिहितात. त्यांतील आनंदाचे, भीतीचे व रागाचे शब्द संगणक क्षणार्धात मोजतो आणि त्यावरून ‘लोक आज संतुष्ट आहेत’ किंवा ‘लोक आज चिडले आहेत’ असे अनुमान काढले जाते. आकडे प्रचंड असल्यामुळे ते खरे वाटतात. पण आकडा मोठा असला म्हणजे अनुमान खरेच असते, असे नाही.

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर भीषण दहशतवादी हल्ले झाले. त्या काळी तेथील पुष्कळ लोक पेजर नावाचे छोटे यंत्र जवळ बाळगीत. त्यावर लेखी निरोप येत. त्या दिवशीचे सुमारे पाच लाख निरोप २००९ साली प्रसिद्ध झाले. जर्मनीतील काही मानसशास्त्रज्ञांनी संगणकाकरवी त्यांतील भावनादर्शक शब्द मोजले आणि २०१० साली असे मांडले की, दिवस जसजसा सरत गेला, तसतसा लोकांचा संताप वाढत गेला. हे कोणासही सहज पटण्यासारखे होते.

परंतु सिंथिया प्युरी या अमेरिकन विदुषीने मूळ निरोप वाचले, तेव्हा निराळाच प्रकार उघडकीस आला. एक संगणक पुन्हा सुरू करावा, अशा आशयाचे एकाच साच्याचे जवळजवळ सहा हजार निरोप त्यांत होते. ते कोणा माणसाने नव्हे, तर यंत्राने आपोआप धाडले होते. त्यांत ‘क्रिटिकल’ हा शब्द होता. इंग्रजीत त्याचा एक अर्थ ‘टीका करणारा’ आणि दुसरा ‘अत्यंत निकडीचा’. निरोपात दुसरा अर्थ अभिप्रेत होता. मोजणाऱ्या संगणकाने मात्र तो संतापाचा शब्द मानला. मूळ संशोधकांनी ते निरोप वगळून पुन्हा मोजणी केली, तेव्हा संतापाची ती चढती रेघ उरली नाही. २०११ साली त्यांनी हे मोकळेपणाने प्रसिद्धही केले.

येथे शब्दाचा अर्थ चुकला. कधी कधी अर्थ बरोबर असूनही बोलणारेच मूठभर असतात. ऑक्टोबर २०१२ च्या अखेरीस ‘सँडी’ नावाचे चक्रीवादळ न्यूयॉर्कच्या परिसरावर आदळले. त्या दिवसांत वादळाविषयी दोन कोटींहून अधिक संदेश ट्विटरवर लिहिले गेले. (या माध्यमाचे नाव २०२३ पासून ‘एक्स’ असे आहे.) त्यांतील सर्वाधिक संदेश मॅनहॅटन या भागातून आले. ते मोजणाऱ्यास वाटावे की, संकटाचे केंद्र तेथेच आहे. मॅनहॅटनला फटका बसला होता हे खरे. परंतु ब्रीझी पॉइंट, कोनी आयलंड आणि रॉकअवे या किनाऱ्यावरील वस्त्यांची दशा अधिक शोचनीय होती. तेथून मात्र संदेश फारच थोडे आले. वीज गेली, दूरध्वनी निकामी झाले. मग लिहिणार कोण आणि कशावर? ज्यांना मदतीची निकड अधिक, त्यांचाच आवाज क्षीण झाला होता. संदेशांच्या संख्येवर विसंबून मदत पाठविली असती, तर ती भलतीकडेच गेली असती.

आपल्या मराठीतही असे घोटाळे सहज होतील. ‘वा! काय पण शहाणपण!’ हे वाक्य उपरोधाचे आहे, हे तुम्ही चटकन ओळखाल. केवळ शब्द मोजणारे यंत्र त्याला स्तुती समजेल. दिवाळीच्या दिवशी हजारो लोक ‘आनंद’ आणि ‘सुख’ हे शब्द लिहितात. त्यांतील एखादा लिहिणारा दुःखात असूनही रीत म्हणून शुभेच्छा देत असतो. शिवाय एकच मनुष्य दिवसाकाठी शंभर संदेश लिहितो, आणि ज्या आजीजवळ भ्रमणध्वनी नाही, तिचे मत कोठेच नोंदले जात नाही.

याचा अर्थ मोजणी निरुपयोगी आहे, असा नव्हे. मोजणीपूर्वी शब्द कोणाचा, कोणत्या प्रसंगीचा आणि कोणत्या अर्थाचा, हे पाहिले पाहिजे. आणि जे गप्प आहेत, ते का गप्प आहेत, याची त्यांच्या दारी जाऊन चौकशी केली पाहिजे. कारण मौन हे नेहमी समाधानाचेच लक्षण नसते.

शब्दार्थ
अनुमान – तर्क; अभिप्रेत – मनात असलेला; शोचनीय – दुःख वाटण्याजोगी; उपरोध – वरवर स्तुती पण आतून टोमणा.

स्वाध्याय
१. संतापाची चढती रेघ का नाहीशी झाली?
२. किनाऱ्यावरील वस्त्यांतून थोडे संदेश का आले?
३. तुमच्या शाळेतील मुलांचे एखाद्या विषयावरील मत जाणून घ्यायचे आहे. कोणाकोणाला विचाराल? कारणे द्या.
४. उपरोधाची तीन वाक्ये लिहा.