न बसणारे केस : शिक्षकाने घ्यावयाची दक्षता

स्वच्छता-तपासणीत एखाद्या मुलाचे केस तेलपाणी करूनही चापून बसत नाहीत. ते फिकट, कोरडे व चहूकडे उभे दिसतात. अशा वेळी आईस लगेच दोष देऊ नये. बालपणी दिसणाऱ्या अशा एका दुर्मिळ विकाराचे वर्णन १९७३ साली फ्रान्समध्ये झाले. २०१६ साली त्यास कारणीभूत दोष तीन जनुकांत आढळले. असा केस गोल नसतो. त्याचा छेद त्रिकोणी व अंगावर पन्हळ असते, म्हणून तो बसत नाही. वाढत्या वयात तो बहुधा आपोआप सुधारतो.

निडीसारख्या गावी शिक्षकाने पालकांस समजावून सांगावे : रुंद दातांच्या फणीने हलकेच विंचरावे, ओढाताण करू नये, गुंत्यास देवीची जट मानू नये. वर्गात थट्टा होऊ देऊ नये. शंका वाटल्यास मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.