औषधाची परीक्षा

मधुमेह हा रोग आपल्या देशाला नवा नाही. मूत्र मधासारखे गोड होते, म्हणून आपल्या प्राचीन वैद्यांनी त्याला हे नाव दिले. सुश्रुतसंहितेत त्याचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक जन्मापासून असणारा व दुसरा अपथ्यामुळे जडणारा. पहिल्या प्रकारचा रोगी कृश असतो व दुसऱ्या प्रकारचा स्थूल असतो, हेही त्या ग्रंथात नोंदलेले आहे. रोग्याने शंभर योजने पायी चालावे, विहीर खणावी, असे श्रमाचे उपायही तेथे दिले आहेत. यावरून त्या वैद्यांची दृष्टी किती सूक्ष्म होती, हे कळते. परंतु निरीक्षण करणे निराळे आणि उपायाची परीक्षा घेणे निराळे. ही परीक्षा कशी घेतात, ते या पाठात पाहू.

प्रथम रोगाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. आपण खाल्लेल्या भाकरीची व भाताची पोटात साखर होते आणि ती रक्तातून सर्व शरीरभर फिरते. पाटाने पाणी वाहत असते, पण दारे धरणारा माणूस दार फोडील तेव्हाच ते वाफ्यात शिरते. शरीरातही असेच आहे. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यातून इन्शुलिन नावाचा रस रक्तात मिसळतो व तो साखरेला पेशींची दारे उघडून देतो. काहींच्या, विशेषतः लहान मुलांच्या, शरीरात हा रस जवळजवळ तयारच होत नाही. प्रौढ वयात जडणाऱ्या मधुमेहाचे तसे नसते. तेथे रस असतो, परंतु दारे गाळाने बुजल्यासारखी होतात व हळूहळू रसही अपुरा पडू लागतो. मग पाट तुडुंब भरून वाहतो आणि वाफे मात्र कोरडे राहतात. रक्तात साठलेली ही साखर पुढे डोळे, मूत्रपिंडे, हृदय व पाय यांना इजा करते. पूर्वी हा रोग चाळिशीनंतर दिसे. आता तो तरुणांतही आढळतो.

१९२१ साली कॅनडातील टोरांटो शहरी बँटिंग व बेस्ट या संशोधकांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून इन्शुलिन मिळवले. १९२२ च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मरणासन्न मुलास ते टोचण्यात आले. पहिले इन्शुलिन पुरेसे शुद्ध नव्हते, त्यामुळे गुण आला नाही. संशोधकांनी ते अधिक शुद्ध केले, काही दिवसांनी पुन्हा टोचले आणि मुलगा सावरला. येथे गुण इतका उघड होता की, संशयाला जागाच उरली नाही.

प्रौढांच्या मधुमेहात मात्र असे होत नाही. तो वर्षानुवर्षे सावकाश चालतो. साखर आज वाढते, उद्या उतरते. म्हणून “अमक्याने कारल्याचा रस घेतला आणि त्याची साखर गेली,” असे कोणी सांगितले, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कदाचित त्याच काळात त्याने गोड खाणे सोडले असेल किंवा तो रोज चालू लागला असेल. मग श्रेय रसाला द्यावे, पथ्याला की चालण्याला?

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई हे गाव आहे. तेथील मिरचीचा बाजार प्रसिद्ध आहे. समजा, तेथील एका शेतकऱ्याने मिरचीच्या सबंध शेतास नवे खत घातले व पीक चांगले आले. हा गुण खताचा की त्या वर्षीच्या पावसाचा, हे कळण्यास मार्ग नाही. म्हणून शहाणा शेतकरी काही वाफ्यांना खत घालील व काही वाफे तसेच ठेवील. तथापि खताचे सगळे वाफे विहिरीजवळच्या काळ्या जमिनीत आणि बिनखताचे सगळे माळावर असले, तर ती तुलनाही खोटी ठरेल. कोणत्या वाफ्यास खत द्यावयाचे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवले, तरच दोन्ही बाजूंस सारखा न्याय मिळेल.

औषधाची परीक्षा याच रीतीने घेतात. रोग्यांचे गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडतात. एका गटास खरे औषध देतात व दुसऱ्यास हुबेहूब तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी किंवा प्रचलित उपचार देतात. शक्य तेथे कोणाला काय मिळाले, हे रोग्यास किंवा डॉक्टरांस कळू देत नाहीत. कारण आशेनेही माणसास बरे वाटू लागते. मात्र माणूस म्हणजे मिरचीचे रोप नव्हे. त्याला सर्व धोके समजावून सांगून त्याची संमती घ्यावी लागते आणि प्रयोगातून केव्हाही बाहेर पडण्याचा त्याचा हक्क मानावा लागतो.

वनस्पतींपासून औषधे मिळत नाहीत, असे मात्र नाही. युरोपात गॅलेगा नावाची एक वनस्पती आहे. तिच्यातील द्रव्यांच्या अभ्यासातून पुढे मेटफॉर्मिन हे औषध सिद्ध झाले. १९५७ साली फ्रान्समधील जाँ स्टर्न यांनी मधुमेही रोग्यांना ते देऊन आलेले अनुभव प्रसिद्ध केले. आज जगभर ते वापरले जाते, ते वनस्पतीच्या कीर्तीमुळे नव्हे, तर परीक्षेला उतरले म्हणून.

अशा परीक्षेला किती धीर लागतो पाहा! ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात पाच हजारांहून अधिक रोगी सहभागी झाले. त्याचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. साखर अधिक काटेकोरपणे ताब्यात ठेवली, तर डोळे व मूत्रपिंडे यांसारख्या अवयवांवरील दुष्परिणाम सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतात, असे त्यातून दिसून आले.

आपल्या देशातही असे काम झाले आहे. चेन्नई येथील डॉ. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींचे चार गट केले. एका गटास नेहमीचा सल्ला दिला, दुसऱ्यास चालणे व मिताहार यांची सवय लावली, तिसऱ्यास मेटफॉर्मिन दिले आणि चौथ्यास दोन्ही दिले. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत पहिल्या गटातील शंभरांपैकी ५५ जणांस मधुमेह जडला; उरलेल्या तिन्ही गटांत हे प्रमाण चाळीसच्या आसपास राहिले. चालणे व मिताहार यांनी जे साधले, त्याहून अधिक काही गोळीने साधले नाही. दोन्ही एकत्र देऊनही लाभ वाढला नाही.

महाराष्ट्रातील काम तर आणखी मुळाशी जाणारे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना एक प्रश्न पडला : आपल्याकडे सडपातळ माणसांनाही हा रोग का होतो? त्यांचे लंडनमधील सहकारी डॉ. यूडकिन यांचे व त्यांचे स्वतःचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे होते. पण मोजणी केली, तेव्हा यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली! वरून सारखे दिसणारे दोन देह आतून इतके भिन्न होते.

हा भेद केव्हा उत्पन्न होतो, हे शोधण्यासाठी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास सुरू झाला. शेतात राबणाऱ्या माता काय खातात, किती कष्ट करतात, हे नोंदले गेले व बाळांची मापे घेतली गेली. इंग्लंडमधील बाळे सरासरी साडेतीन किलोंची, तर येथील बाळे २.७ किलोंची भरली. आश्चर्य हे की, या किरकोळ बाळांच्या अंगी मांस कमी असूनही चरबी फारशी कमी नव्हती. अनेक मातांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व अपुरे होते. म्हणजे रोगाचे बीज आईच्या पोटातच पडत असावे, असा तर्क निघाला.

तर्क म्हणजे सिद्धांत नव्हे. त्याचीही परीक्षा हवी. तोवर ती बाळे मोठी झाली होती. २०१२ साली त्यांच्यासाठी नवा प्रयोग आखण्यात आला. काहींना ब-१२ असलेल्या गोळ्या व काहींना तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या देण्यात आल्या. त्या घेणाऱ्यांना स्वतःचा लाभ ठाऊक नव्हता. पुढे जन्मणाऱ्या पिढीचा रोग टळतो काय, हे पाहावयाचे होते. या प्रश्नाचे पूर्ण उत्तर ती पिढी प्रौढ होईल तेव्हाच मिळू शकेल.

ज्ञान असे पिढ्यापिढ्यांनी साठते. त्यात डॉक्टरांच्या बुद्धीइतकाच नाव न छापल्या गेलेल्या त्या ग्रामीण मातांचा वाटा आहे. आपल्या घरी आजोबांस किंवा आजीस मधुमेह असेल आणि कोणी ऐकीव उपायावर विसंबून त्यांचे औषध बंद करू लागले, तर तुम्ही नम्रपणे विचारावे, “या उपायाची परीक्षा झाली आहे काय?” आणि संध्याकाळी त्यांचा हात धरून त्यांना फिरावयास न्यावे. त्या उपायाची परीक्षा झालेली आहे.

शब्दार्थ

अपथ्य – प्रकृतीस न मानवणारे खाणेपिणे
कृश – बारीक, रोड
मिताहार – बेताचे खाणे
दारे धरणे – पिकास पाणी देताना वाफ्याचे तोंड उघडणे व बुजवणे

स्वाध्याय

१. प्रौढांच्या मधुमेहात शरीरात काय बिघडते, ते पाटाच्या दृष्टान्ताने सांगा.
२. शेतकऱ्याने वाफे चिठ्ठ्या टाकून का निवडावेत?
३. याज्ञिक व यूडकिन यांच्या मोजणीवरून काय कळले?
४. ‘माणूस म्हणजे मिरचीचे रोप नव्हे’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
५. ‘निरीक्षण’, ‘तर्क’ व ‘सिद्धांत’ यांतील फरक दाखवणारी वाक्ये लिहा.